पाथ मूव्ह झाला की कॉपी, हे टेस्टला कळणार कसं?

तुमचा प्रश्न असा: सी++च्या फाइलसिस्टिम पाथचा (फाइलचा पत्ता ठेवणाऱ्या ऑब्जेक्टचा) मूव्ह कन्स्ट्रक्टर, म्हणजे जुन्या ऑब्जेक्टचा ऐवज उचलून नवा बनवणारा कोड, मुद्दाम कॉपी करणारा लिहिला, तरी टेस्ट पास कशी होते?

कारण टेस्टमधला पाथ फार तोकडा आहे. 'पुणे' हे नाव यूटीएफ-८मध्ये जेमतेम १२ बाइट भरतं. एवढी छोटी स्ट्रिंग (अक्षरांची माळ) ऑब्जेक्टच्या पोटातच राहते, हीपवर, म्हणजे गरजेप्रमाणे मागून घेतलेल्या वेगळ्या मेमरीत, जातच नाही. मग मूव्हलाही बाइट उचलून इकडून तिकडे ठेवावेच लागतात. कॉपीपेक्षा वेगळं दिसणार काय?

मूव्ह म्हणजे सातबाऱ्यावरचा फेरफार: नाव बदलतं, जमीन जागची हलत नाही. पण त्यासाठी आधी जमीन, म्हणजे हीपवरची मेमरी, असायला हवी. जीसीसी आणि क्लँग हे दोन सी++ कंपायलर. जीसीसीच्या लायब्ररीत स्ट्रिंगच्या आत १५ बाइट मावतात, क्लँगच्या लिबसी++ या लायब्ररीत ६४-बिटवर २२. म्हणून १८ बाइटचं 'कोथरूड' जीसीसीकडे हीपवर जातं, क्लँगकडे नाही. तीच टेस्ट एकीकडे चूक पकडते, दुसरीकडे झोपा काढते. २७ बाइटचं 'शिवाजीनगर' दोन्हीकडे चालतं. मी तरी सरळ शंभरेक अक्षरांचं नाव देतो. हिशेबच नको.

आता ग्लोबल ऑपरेटर न्यू, म्हणजे हीपवर मेमरी मागणारं फंक्शन, ओव्हरराइड करून त्यात काउंटर ठेवा. मूव्हच्या आधी आकडा टिपा, मूव्हनंतर लगेच पुन्हा बघा. वाढला तर कॉपी झाली. मधे दुसरं काहीही नको. नव्या पाथची तुलना तिथेच स्ट्रिंग लिटरलशी (कोडमध्ये अवतरणात लिहिलेल्या मजकुराशी) केलीत, तर तुलनेसाठी तात्पुरता पाथ बनतो, त्याचं अ‍ॅलोकेशन (मेमरी मागणं) मोजलं जातं आणि खापर मूव्हवर फुटतं. तुलना नंतर करा. आणि मूळ पाथ कॉन्स्ट (न बदलता येणारा) नाही ना, तेही बघा. कॉन्स्ट असेल तर मूव्ह लिहूनही गुपचूप कॉपीच होते.

नोएक्सेप्टसाठी, म्हणजे 'हा कोड एक्सेप्शन फेकणार नाही' या हमीसाठी, स्टॅटिक असर्ट (कंपाइल होतानाच होणारी तपासणी) वेगळा लागतोच, कारण वाढताना व्हेक्टर, म्हणजे सी++ची वाढती यादी, त्या हमीवरूनच मूव्ह की कॉपी ठरवतो. पण नोएक्सेप्ट हा फक्त दिलेला शब्द झाला. नोएक्सेप्ट लिहून आत कॉपी करणाऱ्याला स्टॅटिक असर्ट अडवत नाही.

राहिला जुना पाथ. तो रिकामाच असेल असं तपासू नका. जीसीसी तो रिकामा करते, पण स्टँडर्ड म्हणतं की तो वैध राहील, आत काय असेल ते सांगत नाही. त्याला नवा पाथ असाइन करून बघा, तो नीट बसला की झालं.