सायकल-सल्ला : चाक बदललं आणि गिअर कुरकुरू लागले

प्रश्न : माझी हायब्रिड सायकल 9 गिअरच्या कॅसेटची (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाची) आहे. लांबच्या फेऱ्यांसाठी रोडच्या हलक्या चाकांची दुसरी जोडी घेतली आणि तिच्यावर नवी 11-32 (11 ते 32 दात्यांची) 9 गिअरची कॅसेट चढवली. आता मधल्या गिअरांत सारखी घरघर, आणि पेडलवर जोर दिला की मागून खुटखुट. जुनं चाक लावलं की सायकल गप्प. दुकानदार म्हणतात चेन बदला. बदलू का?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : इतक्यात नको. जुन्या चाकावर आवाज नाही, म्हणजे पेडल, क्रँक, बॉटम ब्रॅकेट सगळे निर्दोष सुटले. दोष नव्या चाकाभोवतीच शोधायचा.

आधी खुटखुट. चाक काढून कॅसेट बोटांत धरा आणि हलवून पाहा. चकत्या फ्रीहबवर (हबच्या ज्या भागावर कॅसेट चढते त्यावर) खुळखुळत असतील तर निदान झालंच. हल्लीच्या रोडच्या चाकांवर बहुधा शिमानो पद्धतीचं 11 गिअरचं फ्रीहब असतं आणि ते जुन्यापेक्षा 1.85 मिमी लांब असतं. 9 गिअरची कॅसेट त्यावर बसते, पण तिच्या मागे, म्हणजे आऱ्यांच्या बाजूला, 1.85 मिमीचा स्पेसर (जागा भरणारी कडी) लागतो. तो नसेल तर लॉकरिंग (कॅसेट आवळून धरणारी बाहेरची रिंग) सर्वांत छोट्या चकतीला दाबण्याऐवजी फ्रीहबच्या तोंडावर जाऊन टेकते. हाताला घट्ट लागते, कॅसेट मात्र सैलच. हा स्पेसर पुष्कळदा चाकाबरोबरच मिळतो आणि खोक्याबरोबर रद्दीत जातो! तो घालून लॉकरिंग 40 न्यूटन-मीटरला आवळा. टॉर्क पाना नसेल तर 20 सेंमीच्या पान्याच्या टोकाला साधारण 20 किलोचा जोर द्या. बरेच जण इथे हात राखून आवळतात, ते चुकतं.

आता घरघर. दोन हब वेगळे, म्हणून कॅसेट फ्रेमपासून नेमकी त्याच अंतरावर येत नाही. 9 गिअरच्या कॅसेटमध्ये एका चकतीपासून दुसरी सुमारे 4.35 मिमीवर असते. 1 मिमीचा फरक म्हणजे जवळजवळ पाव गिअर चुकला. स्पेसर घातल्यावर हा हिशोब पुन्हा बदलेल, म्हणून केबलला हात त्यानंतरच लावा.

सायकल चाकांवर उभी ठेवा, एक्सल खाचेत पूर्ण टेकू द्या, मग क्विक रिलीज आवळा. चेन सर्वांत छोट्या चकतीवर घ्या आणि शिफ्टर एकदा टिचकवा. चेन दुसऱ्या चकतीवर चढायला कुचराई करत असेल तर मागच्या डिरेलरवरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेवरची) बॅरल, म्हणजे केबलचा ताण बदलणारी फिरकी, पाव फेरा सोडवून बाहेर आणा. केबल ताणली जाते. उलट चेन तिसऱ्या चकतीला घासत असेल तर पाव फेरा आत. दर वेळी पावच फेरा, आणि दर वेळी पेडल फिरवून ऐका. एकदम दोन फेरे दिले की माणूस गोंधळतो.

सिमरोलचा घाट चढायच्या आधी मात्र एक काम चुकवू नका. सर्वांत मोठ्या चकतीवर चेन असताना डिरेलर हाताने आत ढकला. डिरेलरची वरची पुली (छोटं दातेरी चाक) त्या चकतीच्या बरोबर खाली थांबली पाहिजे. आणखी आत जात असेल तर डिरेलरवरचा ‘एल’ खुणेचा स्क्रू आवळा, नाहीतर डिरेलर आऱ्यांत अडकून दोन्हींचा चुराडा होईल. इतकं करूनही काही गिअर नीट आणि काही घासतच राहिले तर हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो फ्रेमचा कान) वाकलाय. तो गेज असलेल्या मेकॅनिककडूनच सरळ करून घ्या.

राहिली चेन. जुनी चेन जुन्या कॅसेटबरोबर झिजून तिच्याशी जुळते. नव्या दात्यांवर ती बोलू लागते. ताणलेल्या चेनवर एका पिनेपासून 24 टप्पे (एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत एक टप्पा) स्टीलच्या पट्टीने मोजा. नवी असेल तर 304.8 मिमी, आणि 307 च्या आसपास गेली असेल तर दुकानदारांचं म्हणणं खरं.

दोन्ही चाकं आलटून पालटून वापरणार असाल तर ज्या चाकाची कॅसेट आऱ्यांकडे जास्त सरकलेली असेल तिच्यामागे शिम (पातळ स्पेसर) घाला. लॉकरिंगचे आटे पुरेसे धरले पाहिजेत, एवढंच बघा.

प्रश्न : नवीन हब पेडल थांबवलं की फार कडकड करतो. घट्ट ग्रीस भरू का?
— एक वाचक, महू

उत्तर : नको. तो फ्रीहबच्या खिट्ट्यांचा आवाज आहे, बिघाड नाही. घट्ट ग्रीसमध्ये खिट्ट्या चिकटतात आणि ऐन चढावर पेडल रिकामं फिरतं. कंपनीने सांगितलेलं पातळ ग्रीस किंवा तेल तेवढं घाला.