एनआरआयकडून फ्लॅट घेतला, एक टक्का टीडीएस कापला आणि आता साडेसतरा लाखांची नोटीस

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. रात्र रात्र झोप लागत नाही असं लिहिलंय तुम्ही, म्हणून आधी हेच सांगतो की साडेसतरा लाख हा आकडा शेवटचा नाहीये, आणि कागद नीट गोळा झाले तर त्यातला फार थोडा भाग तुमच्या अंगावर येईल असं मला वाटतं.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. ताईंनी नोव्हेंबर २०२३ मध्ये सिंहगड रोडला ८० लाखांचा रीसेलचा फ्लॅट स्वतःच्या एकटीच्या नावावर घेतला. विकणारे काका न्यू जर्सीला मुलाकडे असतात, खरेदीखतावर सही त्यांच्या धाकट्या भावाने कुलमुखत्यारपत्रावर केली. एजंट म्हणाला पन्नास लाखांच्या वरचा व्यवहार आहे, एक टक्का टीडीएस (विक्रेत्याला पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा टॅक्स) कापा, ताईंनी २६क्यूबी फॉर्म भरून ८० हजार वेळेत भरले, बँकेनेही लोन देताना काही अडवलं नाही. आणि आता इन्कम टॅक्सच्या इंटरनॅशनल टॅक्सेशन वॉर्डाची नोटीस आलीय की विकणारा अनिवासी होता, पूर्ण ८० लाखांवर २० टक्के, त्यावर सरचार्ज आणि सेस हे जादा आकार धरून १८ लाख ३० हजार ४०० कापायला हवे होते, तुम्ही ८० हजारच कापले, उरलेले १७ लाख ५० हजार ४०० तुमच्याकडून का वसूल करू नयेत, शिवाय व्याज.

चूक कुठे झाली ते आधी सांगतो. एक टक्कावालं कलम १९४-आयए फक्त विकणारा निवासी असेल तेव्हाच लागतं. तो अनिवासी असेल तर कलम १९५ लागतं आणि तिथे पन्नास लाखांची मर्यादा वगैरे काही नाही, वीस लाखांचा फ्लॅट असला तरी टीडीएस कापावाच लागतो. आणि अनिवासी म्हणजे पासपोर्ट कुठला यावर नाही हं, त्या वर्षात माणूस भारतात किती दिवस राहिला यावर ठरतं. म्हणजे भारतीय पासपोर्ट, पॅन कार्ड, पुण्याचा पत्ता सगळं असूनही काका कायद्याने अनिवासी असू शकतात.

आता नोटिशीतली मोठी गफलत. कलम १९५ म्हणतं की जी रक्कम करपात्र आहे तिच्यावर टॅक्स कापा. ८० लाख ही विक्रीची किंमत आहे, काकांचा नफा नाही. सुप्रीम कोर्टाने २०१० साली जीई इंडिया टेक्नॉलॉजी सेंटरच्या केसमध्ये हेच सांगितलंय की कापण्याची जबाबदारी करपात्र रकमेपुरतीच. आणि याहून जास्त उपयोगाची गोष्ट म्हणजे सीबीडीटीची, म्हणजे इन्कम टॅक्स खात्याच्या वरच्या मंडळाची, २६ फेब्रुवारी २०१४ ची इन्स्ट्रक्शन क्रमांक २/२०१४, त्यात अधिकाऱ्यांनाच सांगितलंय की १९५ खाली कापलं नसेल तर आधी करपात्र भाग किती ते ठरवा आणि तेवढ्यावरच कापणाऱ्याला डिफॉल्टर धरा. ही इन्स्ट्रक्शन खात्यावर बंधनकारक असते, त्यामुळे उत्तरात पहिला मुद्दा हाच टाका.

तुम्ही जुना इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) पाठवलाय त्यात काकांनी हा फ्लॅट ऑगस्ट २०१० मध्ये ३५ लाखांना घेतल्याचं दिसतंय. तेव्हाचा महागाई निर्देशांक १६७, २०२३-२४ चा ३४८, म्हणजे खरेदी किंमत वाढवून धरली की साधारण ७२ लाख ९३ हजार होते. नफा उरला सात लाख सात हजारच्या आसपास, त्यावर सेस धरून २०.८ टक्के म्हणजे अंदाजे १ लाख ४७ हजार. त्यातले ८० हजार तुमच्या हातून सरकारकडे आधीच गेलेत. कुठे साडेसतरा लाख आणि कुठे हे सदुसष्ट हजार! शाळेत शिकवून घर चालवणाऱ्या बाईला असा आकडा पाठवताना एवढं गणित कुणीतरी करून बघायला हवं होतं, मला याचा खरंच राग येतो.

पुढचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. काकांच्या मुलाने फोनवर सांगितलं ना की बाबांनी जुलै २०२४ मध्येच रिटर्न भरलंय? त्या रिटर्नमध्ये हा व्यवहार दाखवला असेल आणि त्यावरचा टॅक्स भरला असेल तर कलम २०१ च्या परंतुकाप्रमाणे (कलमातल्या अपवादाप्रमाणे) तुम्हाला डिफॉल्टर धरता येत नाही. पूर्वी ही सवलत फक्त निवासी विक्रेत्याच्या बाबतीत होती, १ सप्टेंबर २०१९ पासून अनिवासीलाही लागू झाली. त्यासाठी सीएचं फॉर्म २६ए मधलं सर्टिफिकेट लागतं. टॅन, म्हणजे टॅक्स कापणाऱ्याचा नंबर, तुम्ही काढलेला नाही, तो आता काढून घ्या, सीए ते करून देईल. मग तुमच्यावर राहतं फक्त व्याज, महिन्याला एक टक्का, कापायला हवं होतं तेव्हापासून काकांनी रिटर्न भरलं तोपर्यंत. नोव्हेंबर ते जुलै नऊ महिने धरले तर कमी पडलेल्या रकमेवर सहा हजारांच्या आसपास, आणि अधिकाऱ्याने ८० हजारांचं क्रेडिट मान्य नाही केलं तरी तेरा-सव्वातेरा हजार.

आता तुमच्या विरुद्ध जाणारी गोष्टही सांगायला हवी. तुम्ही लिहिलंय की "ते एनआरआय आहेत हे मला माहीतच नव्हतं" असं उत्तर द्यायचं ठरवलंय. देऊ नका. कुलमुखत्यारपत्र न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासात झालेलं आहे आणि त्याची प्रत तुमच्या खरेदीखताला जोडलेली आहे, अधिकारी पहिलं पान उलटूनच विचारेल. खरं तेच लिहा, की ते परदेशात राहतात हे माहीत होतं पण त्यामुळे टीडीएसचं कलम बदलतं हे कुणी सांगितलं नाही, खरेदीखतात पत्ता पुण्याचा होता, पैसे एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या) खात्यात नाही तर साध्या बचत खात्यात गेले, आणि जे कापायचं समजलं ते वेळेवर कापून भरलं. टीडीएस न कापल्याबद्दल कलम २७१सी चा दंड लावायला निघाले तर हाच प्रामाणिकपणा कलम २७३बी खाली वाजवी कारण म्हणून कामाला येईल.

नोटिशीवर डीआयएन (खात्याच्या पत्रावरचा ओळख क्रमांक) आहे का बघा आणि तो इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर टाकून तपासा. पंधरा दिवसांची मुदत आहे, तेवढ्यात अमेरिकेहून कागद येणार नाहीत, म्हणून आजच लेखी मुदतवाढ मागा, गप्प राहिलात तर एकतर्फी ऑर्डर निघते. निघालीच तर तीस दिवसांत अपील करता येतं आणि सहसा २० टक्के भरल्यावर वसुलीला स्थगिती मिळते, पण तिथपर्यंत जायला नको.

तुमच्यासारखा व्यवहार आता करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. २३ जुलै २०२४ पासून अशा नफ्यावरच्या टॅक्सचा दर १२.५ टक्के झाला पण महागाई निर्देशांकाचा फायदा गेला, जुन्या घरांसाठी २० टक्क्यांचा पर्याय निवासी माणसाला ठेवला, अनिवासीला नाही. हाच फ्लॅट त्यानंतर विकला असता तर नफा ४५ लाख आणि टॅक्स ५ लाख ८५ हजार. दर कमी झाला म्हणून सगळे खूश होते, आणि दीड लाखाचा टॅक्स पावणेसहावर गेला. त्यामुळे टोकन देण्याआधी विक्रेत्याला इन्कम टॅक्सकडून कमी कपातीचं (कमी टीडीएस कापायला परवानगी देणारं) सर्टिफिकेट काढायला लावा, ते हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका.

ताई, काकांकडून चार कागद मागवा: आर्थिक वर्ष २०२३-२४ च्या रिटर्नची पोच आणि पूर्ण कॉम्प्युटेशन (टॅक्सचा हिशोब), टॅक्स भरल्याचं चलन, २०१० चं खरेदीखत, आणि त्यांचा २६एएस (त्यांच्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा उतारा). त्यांनी रिटर्नच भरलेलं नसेल तर अपडेटेड रिटर्नचा (मुदत संपल्यावर भरता येणाऱ्या रिटर्नचा) रस्ता अजून आहे, जादा टॅक्स लागेल पण तो त्यांचा. टाळाटाळ केली तर खरेदीखतातलं नुकसानभरपाईचं कलम बघा, त्याच्या आधारे नोटीस काढता येते, आणि त्यांचा टॅक्स तुम्हाला भरावा लागला तर करार कायद्याच्या कलम ६९ खाली वसूलही करता येतो. पण आधी पुण्यातल्या भावाला भेटा, सही त्यांनी केलीय, त्यांच्या घरी नोटिशीची झेरॉक्स घेऊन जा आणि मिस्टरांनाही सोबत न्या.