24 फुटी घ्यावी की 36 फुटी? राहायला संभाजीनगर, नौका मुंबईत

नमस्कार दादा,

संभाजीनगरला राहून महिन्यातून एकदा येऊन चालवायला तुम्ही आणि तुमचे मेहुणे मिळून मुंबई बंदरातली जुनी शिडाची नौका घ्यायच्या विचारात आहात आणि दोन पसंतीला आल्यात. एक 24 फुटी, दीड टनाच्या आतली, मागे आउटबोर्ड (बाहेरून लावायचं, काढता येणारं) इंजिन. दुसरी 36 फुटी, सहा टनांची, पोटात डिझेल इंजिन, सहा जणांची झोपायची सोय. मोठीची किंमत लहानीच्या दुपटीलाही पोचत नाही, म्हणून मन तिकडे ओढतंय. माझं मत विचाराल तर 24 फुटीच घ्या.

नौकेचा खर्च लांबीवर ठरत नाही, वजनावर ठरतो. इथे लांबी दीडपट आहे, पण वजन चौपटीच्या वर गेलंय, कारण लांबीबरोबर रुंदी आणि खोलीही वाढते. नांगर, साखळी, दोर, विंच (दोर ताणायचा फिरता रूळ), डोलकाठीच्या तारा, सगळं त्या वजनाच्या हिशोबानं जाड आणि महाग होत जातं. जुन्या मोठ्या नौका स्वस्तात निघतात त्या बहुतेक वेळा याच कारणानं. मालकाला खर्च पेलत नाही, आणि तो पुढे तुमच्या गळ्यात येतो.

त्यात आपला पावसाळा. मुंबईत मे संपत आला की नौका पाण्याबाहेर काढाव्या लागतात, त्या पाऊस ओसरल्यावरच परत उतरतात. दरवर्षी हे आलंच. दीड टनाची नौका लहान क्रेननं उचलून ट्रेलरवर ठेवता येते. सहा टनांना मोठी क्रेन, खाली लोखंडी सांगाडा आणि तेवढ्या महिन्यांचं जागेचं भाडं लागतं. तळावर शिंपले-शेवाळ धरू नये म्हणून अँटीफाउलिंग रंग मारतात, तोही सव्वादोनपट, कारण तळाचं क्षेत्रफळ तेवढं वाढतं. मोठीच्या डिझेल इंजिनाला समुद्राच्या पाण्याचं कूलिंग असेल तर त्या खाऱ्या पाण्याची निगा वेगळीच. आउटबोर्ड मात्र काढून गाडीत टाकून घरी आणता येतं.

‘मोठी म्हणजे सुरक्षित’ असं तुम्ही लिहिलंय. थोडं थांबा. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968-69 मध्ये कुठेही न थांबता एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ते ‘सुहैली’वरून. ती जेमतेम 32 फुटांची, मुंबईतच सागवानात बांधलेली. आपले निवृत्त नौदल अधिकारी अभिलाष टॉमी 2022-23 च्या गोल्डन ग्लोब या एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दुसरे आले, ती नौका 36 फुटी. म्हणजे ज्या मापाच्या नौकेनं जगाला वळसा घालता येतो, ती तुम्ही मुंबईसमोरच्या मांडव्याला जाऊन यायला घेताय. सुरक्षितता बांधणीत असते, देखभालीत असते आणि चालवणाऱ्याच्या सरावात असते.

आणि सराव हाच तुमचा खरा प्रश्न आहे. समृद्धी महामार्ग पूर्ण झाला तरी संभाजीनगर ते मुंबई साडेतीनशे किलोमीटर ते साडेतीनशे किलोमीटरच. शनिवारी पोचायचं, भरती-ओहोटी बघायची, लाँचनं (लहान मोटरबोटीनं) नौकेवर जायचं. मोठीवर पाऊल ठेवल्यापासून शीड चढेपर्यंत तासभर सहज जातो. हिवाळ्यात सकाळी वारा मंद असतो आणि दुपारी वायव्येकडून जोर धरतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. 24 फुटीवर साधारण 25 चौरस मीटर शीड असतं. दोर हातानं ओढता येतो, मेहुणे सुकाणूवर बसले तर तुम्ही पुढचं शीड एकट्यानं खाली घ्याल. 36 फुटीवर शीड 60 चौरस मीटरच्या घरात जातं. ते सुटून फडफडायला लागलं की दोराचं टोक चाबकासारखं बसतं, आणि विंचवर वेढा घालताना बोट मध्ये आलं तर बोटच जातं. महिन्यातून एकदा येणाऱ्या दोन माणसांनी हे काम अंगावर घेऊ नये.

वेगातही फार मिळत नाही. पाण्यातली लांबी 20 फूट धरली तर हलचा (नौकेच्या सांगाड्याचा) कमाल वेग सुमारे 6 नॉट (तासाला 6 सागरी मैल), 30 फूट धरली तर सुमारे 7.3. खर्चाच्या मानानं हा फरक किती, ते तुम्हीच बघा.

मोठी कधी घ्यावी? रत्नागिरी-गोव्यापर्यंत रात्रीचे प्रवास खरोखर करायचे असतील, दोघांनाही शीड आखूड करणं अंधारात जमत असेल आणि नौकेवर पगारी तांडेल (नौका सांभाळणारा खलाशी) ठेवायची तयारी असेल, तर जरूर घ्या. घरच्या मंडळींना झोपायला जागा हवी एवढ्यासाठी घेऊ नका. मुअरिंगवर (पाण्यात बांधून ठेवायच्या जागी) हलणाऱ्या नौकेत लहान मुलं रात्रभर झोपत नाहीत, पहाटे सगळे किनाऱ्यावर जायचं म्हणतात.

नौका घराजवळ नाथसागरावर आणायचा विचारही सध्या सोडा. जायकवाडीचं पाणी अफाट दिसतं, पण काठाकाठानं उथळ आहे, उन्हाळ्यात पातळी कुठल्या कुठे जाते, आणि ते पक्षी अभयारण्य आहे. परवानगीशिवाय तिथे काही उतरवू नका.

आता 24 फुटीची तपासणी. डेकवर लहान हातोडीनं किंवा नाण्यानं टकटक करत चला. मडकं वाजवून घेतो तसंच हे. आवाज खणखणीत यायला हवा, बद्द आला की आतला गाभा ओला झालाय. कील (तळाखालचा वजनदार पंखा) जिथे हलला मिळते त्या सांध्यावर गंजाचे ओघळ किंवा फट आहे का बघा. डोलकाठीच्या तारांचं वय विचारा. दहा-पंधरा वर्षांच्या असतील तर बदलायचा खर्च किमतीतून आधीच कापा. टोकाशी एक जरी तंतू तुटलेला दिसला तर ती तार गेलीच समजा. शिडं उलगडून उन्हात धरा, शिवण नखानं ओढून बघा. नौका परदेशातून आणलेली असेल तर नोंदणीबरोबर कस्टम शुल्क भरल्याचा मूळ कागद हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.

हे सगळं पावसाळ्यात, नौका जमिनीवर असताना करा. तळ उघडा असतो तेव्हाच कील नीट दिसते, आणि विकणाऱ्यालाही भाड्याची घाई असते. सर्व्हेअर (नौका तपासणारा तज्ज्ञ) स्वतःचा न्या, मालकानं सुचवलेला नको. फोटो इथे टाकलेत तर सांध्याबद्दल आणि तारांबद्दल मी नक्की सांगेन.