‘दाद मागणे’ आणि ‘निषेध करणे’

प्रश्न असा आहे की, मोर्चा काढणाऱ्यांनी ‘सरकारविरुद्ध दाद मागितली’ असं म्हटलं तर चालेल का?

माझ्या कानाला ते खटकतं. ‘दाद’ फारसीतून आला, मूळ अर्थ न्याय. त्याची जोडी ‘फिर्याद’शी. फिर्याद म्हणजे मुळात आक्रोश, मदतीसाठी फोडलेली हाक. अन्यायाने पोळलेला माणूस हाक मारतो ती फिर्याद, आणि ती ऐकून मिळतो तो न्याय म्हणजे दाद. (गाण्याला देतात ती दादही हीच, ज्याचं त्याला देणं. नायटा या अर्थाचा हिंदीतला ‘दाद’ मात्र वेगळा, तो संस्कृत ‘दद्रु’वरून आलेला.)

खरी खूण शब्दयोगी अव्ययांत आहे. संताप, निषेध यांना ‘विरुद्ध’ पुरतं. दाद मागायला ‘विरुद्ध’बरोबर ‘कडे’ही लागतो, म्हणजे ज्याच्यावर राग आहे त्याहून वेगळा आणि ऐकून घेणं ज्याला भाग आहे असा कुणीतरी तिसरा. राज्यघटनेने हा ‘कडे’ लिहूनच ठेवला. मूलभूत हक्कांसाठी अनुच्छेद ३२ नुसार थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाता येतं, २२६ नुसार उच्च न्यायालयाकडे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रह, असहकार सोडायला सांगितले आणि त्या पद्धतींना ‘अराजकाचं व्याकरण’ म्हटलं. हे मार्ग नव्हते तेव्हा त्या पद्धतींचं समर्थन होऊ शकत होतं, हेही त्यांनी त्याच भाषणात मान्य केलं. उद्धृत करणारे हे वाक्य बहुधा गाळतात.

‘दाद ना फिर्याद’ म्हणजे काय ते आणीबाणीत दिसलं. ‘मिसा’ या खटल्याशिवाय कैदेत ठेवू देणाऱ्या कायद्याखाली डांबलेल्यांच्या याचिका अनेक उच्च न्यायालयांनी ऐकण्याजोग्या ठरवल्या होत्या. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते दार लावून घेतलं. विरोधात एकटे न्या. खन्ना. मग राग साचला आणि १९७७ मध्ये मतपेटीतून बाहेर पडला. इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत हरल्या. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ ची अंमलबजावणी स्थगित करता येणार नाही, असं ठरलं.

तेव्हा मोर्चासाठी ‘निषेध केला’ किंवा ‘मागणी केली’ लिहावं. मोर्चाने राज्यपालांकडे निवेदन दिलं, तर तिथून पुढे ‘दाद मागितली’ शोभेल. आणि कुणी अर्जच केला नसेल तर न्यायालय ‘स्वतःहून दखल’ घेतं, ‘स्वतःहून दाद’ नव्हे.