दीड सेंटाचा स्कर्ट

अगं, जीन क्वॉकची 'गर्ल इन ट्रान्सलेशन' ही कादंबरी पहिल्यांदाच शिकवते आहेस ना? मग स्थलांतरितांच्या इतिहासावर पहिले दोन तास घालवू नकोस. मी घालवले होते, निम्मा वर्ग पेंगत होता.

थेट फळ्यावर हिशेब मांड. हाँगकाँगहून ब्रुकलिनला आलेली किंबर्ली आणि तिची आई कारखान्यात नगावर काम करतात, स्कर्टमागे दीड सेंट. म्हणजे एका डॉलरला सदुसष्ट स्कर्ट! मुलांनाच भागाकार करू दे. माझ्या वर्गात तेव्हा पार सन्नाटा झाला होता. मग मागच्या बाकावरची सोलापूरची एक मुलगी म्हणाली, "आमच्याकडे विड्यांचं हजारावर असतं, मॅडम." पुढचा तास तिनेच घेतला म्हण ना.

कारखाना चालवणाऱ्या किंबर्लीच्या मावशीला खलनायिका ठरवायची घाई मुलं करतातच. त्यांना कर्जाकडे वळव. तिकिटाचे, आईच्या उपचारांचे पैसे मावशीनेच भरलेले, आणि फेड पगारातून. नात्यातला मालक असला की भांडायचं कोणाशी?

भाषेची गंमत मात्र सोडू नकोस. किंबर्ली खोडरबर मागायला 'रबर' म्हणते. आपणही तेच म्हणतो, त्यामुळे अमेरिकन पोरं का हसतात हे आपल्या मुलांना कळतच नाही. अमेरिकेत 'रबर' म्हणजे निरोध, हे न लाजता सांगून टाक, नाहीतर मोबाइलवर शोधतातच.

न्यूयॉर्कमधल्या ट्रायँगल या कपड्यांच्या कारखान्याची १९११ची आग शेवटी घे. १४६ बळी, बहुतेक स्थलांतरित बायका-मुली, आणि जिन्याचं दार कुलूपबंद. पण १९८२चा तिथल्याच चायनाटाउन या चिनी वस्तीतला शिवणकामगार बायकांचा संपही सांग, नाहीतर या बायका नुसत्या सोसत राहिल्या असं मुलांना वाटतं.