मुलग्यालाच का? डुशेन स्नायुविकाराविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा आहे. सारखा धडपडतो, जिना कठडा धरून चढतो, जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यावर आणि मग मांडीवर हात टेकतो. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या! एसजीपीटी वाढलेलं असल्यानं लिव्हरची औषधं चालू आहेत. – एक आई, सांगली

लिव्हरच्या औषधांचं नंतर बघू, आधी सीपीके ही स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी करा. एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरच्या तपासणीत मोजली जाणारी विकरं (एन्झाइम) स्नायूंमध्येही असतात. स्नायू झिजू लागले की तीही रक्तात वाढतात, आणि मुलावर महिनोन्‌महिने काविळीचे उपचार होत राहतात. सीपीके साधारणपणे दोनशेच्या आसपास किंवा कमी असतं. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीत, म्हणजे डीएमडीत, ते दहा-वीस हजारांवर सहज जातं. तुम्ही सांगितलेली उठण्याची पद्धत या आजाराची जुनी, ठळक खूण आहे. पोटऱ्या फुगतात त्या ताकदीनं नव्हे; झिजलेल्या स्नायूंच्या जागी चरबी आणि तंतू साचलेले असतात. सीपीके असं वाढलेलं निघालं, तर मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. निदान पक्कं होतं ते जनुकीय तपासणीनं. बहुतेक वेळा आधी एमएलपीए करतात, म्हणजे जनुकाचा एखादा तुकडा गहाळ किंवा दुप्पट आहे का ते बघतात. त्यात काही सापडलं नाही, तर सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुक अक्षरन्‌अक्षर वाचणं.

प्रश्न : माझा भाऊ याच आजारानं विसाव्या वर्षी गेला. आता माझ्या मुलालाही तोच निघाला. सासूबाई म्हणतात, 'तुमच्या घराण्यानं आणलं.' मुलींना का होत नाही? – अ. प., नाशिक

स्नायूंच्या पेशींचं आवरण शाबूत ठेवणारं डिस्ट्रोफिन नावाचं एक प्रथिन असतं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. ते अवाढव्य आहे, ७९ भागांचं, त्यामुळे त्यात बिघाड व्हायला जागाही भरपूर. मुलीकडे एक्सच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरीवर बहुतेक वेळा निभावतं. मुलाकडे एकच असते आणि ती आईकडून येते, वडिलांकडून त्याला वाय मिळतो. ती एकच प्रत सदोष असेल, तर स्नायू आकुंचन पावताना पेशींचं आवरण फाटत जातं. जन्माला येणाऱ्या साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला हा आजार असतो.

भाऊ आणि मुलगा दोघांनाही आजार असल्यानं तुम्ही वाहक आहात, हे जवळपास नक्की. पण तुमच्या दोनपैकी कोणतं गुणसूत्र बाळाकडे जावं, हे तुमच्या हातात कधीच नव्हतं. शिवाय सुमारे एक तृतीयांश मुलांच्या आया वाहक नसतातच. बिघाड त्या मुलापासूनच नव्यानं सुरू होतो. सासूबाईंना पुढच्या भेटीला सोबत आणा. सूनबाईंना दोष देऊन झालेल्या कितीतरी सासवा गुणसूत्रांची आकृती बघून गप्प झालेल्या मी पाहिल्या आहेत.

प्रश्न : मग माझी मुलगी वाहक असली तरी तिला काहीच त्रास होणार नाही ना? – एक वाचक, सोलापूर

'काहीच नाही' असं मी म्हणणार नाही. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स निद्रिस्त असतो. बहुतेक पेशींत निरोगी एक्सच निजलेला असला, तर तिलाही अशक्तपणा येतो, पोटऱ्या दुखतात. एरवी ठणठणीत असलेल्या वाहक स्त्रीचं हृदयही कमकुवत होऊ शकतं. म्हणून मोठेपणी दर काही वर्षांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा, आणि आजारी मुलांच्या आयांनीही. मुलाच्या फायली सांभाळताना स्वतःचा इको कधीच न केलेल्या आया मला नेहमी भेटतात.

प्रश्न : दुसरं मूल हवं आहे. गर्भलिंगनिदानाला तर बंदी आहे. मग तपासणी होते का? – एक दांपत्य, लातूर

होते. १९९४चा कायदा लिंगसंबंधित आनुवंशिक आजारांच्या निदानाला नोंदणीकृत केंद्रात परवानगी देतो. लिंग सांगणं मात्र गुन्हाच. आधी पहिल्या मुलाच्या जनुकातला नेमका बिघाड हाती हवा, म्हणून गर्भधारणेआधीच जनुकतज्ज्ञाला भेटा. गर्भाची तपासणी साधारण अकराव्या आठवड्यापासून करता येते. आईच्या रक्तात दोष नसला तरी काही वेळा तो तिच्या बीजपेशींत असतो, त्यामुळे अहवाल स्वच्छ आला तरी हा सल्ला टाळू नका.

प्रश्न : स्टेरॉइडला घाबरतो. मालिशनं भागेल का? – एक बाबा, रत्नागिरी

नाही. स्टेरॉइडमुळे मुलाचं चालणं अधिक काळ टिकतं. वजन आणि हाडं यांवर लक्ष ठेवावं लागतं, आणि गोळी अचानक कधीच बंद करायची नाही. हलका व्यायाम, स्ट्रेचिंग रोज. थकेपर्यंत जिने चढायला लावू नका. कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाला डीएमडी असल्याचं सांगाच, कारण सक्सिनिलकोलिनसारखी भुलीची काही औषधं या मुलांना जिवावर बेततात. तशी चिठ्ठी फायलीच्या पहिल्या पानावर लावून ठेवा.