यमुनापर्यटनात नदी कुठे आहे?

तारकर्लीला न्याहारी-निवास चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: "पाहुण्यांसाठी पुस्तकांची एक फळी केली आहे. सासऱ्यांच्या ट्रंकेत बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' सापडलं, ते प्रवासवर्णनांत लावलं. एका पाहुण्यांनी दोन दिवसांनी परत आणून दिलं, म्हणाले, यात नदी कुठेच नाही. मग हे पर्यटन कसलं?"

ताई, पाहुण्यांचं बरोबर आहे. यमुना इथे नदी नाही, बाई आहे. घोटाळा होतो तो समासामुळे. गंगास्नान म्हटलं की न्हाणारे आपण, गंगा नुसती जागा. गंगावतरण म्हटलं की उतरते ती स्वतः गंगा. दिसायला दोन्ही शब्द एकाच साच्यातले, पण पहिलं पद एकीकडे स्थळ आहे, दुसरीकडे कर्ता. 'कोकण पर्यटन' वाचताना कोकण फिरायला निघालं असं कोणी समजत नाही. आपल्याला सवय झाली आहे ती याच, स्थळाच्या, अर्थाची. पदमनजींच्या शब्दात मात्र फिरते ती यमुना. नाव नेमकं नदीचंही असल्यामुळे तुमची फळी चुकली, त्यात तुमचा दोष नाही.

आता पर्यटन. परि अधिक अटन. अट् म्हणजे हिंडणं, परि म्हणजे सभोवार. देशाटन, तीर्थाटन, भिक्षाटन ही सगळी त्याच घरची. यांत समुद्रकिनारा, हॉटेल, सुट्टी यांतलं काहीच नाही. आज आपल्याकडे पर्यटन म्हटलं की डोळ्यांपुढे स्कुबा आणि डॉल्फिन दर्शनाच्या पाट्या येतात. १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ आलं, १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, आणि सरकारी कागदावरचा शब्द हां हां म्हणता रिक्षावाल्याच्या तोंडी बसला. माझी आजी शेवटपर्यंत "मुंबैची माणसा फिराक इली" असंच म्हणायची. खरं तर अटनचा तिच्याइतका नेमका अर्थ कोणी सांगितला नसेल.

पदमनजींचं पुस्तक १८५७ चं. विधवाविवाहाचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी झालेला. पुस्तकाच्या नावाला पुढे शेपूट आहे: 'अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण'. यमुना नवऱ्याबरोबर, विनायकाबरोबर, गावोगाव फिरते आणि जिथे जाईल तिथे तिला कोणी ना कोणी विधवा भेटते. कोणाचं केशवपन झालेलं, कोणी घरातच मोलकरीण होऊन राहिलेली. पुढे विनायक जातो आणि ज्यांच्या कहाण्या ऐकल्या त्यांच्याच रांगेत यमुना येऊन बसते. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. शेवटाकडे धर्मोपदेश जड होतो, हे माझं मत. पण बायका आपापलं सांगत जातात तो भाग आजही खिळवून ठेवतो.

मग 'यात्रा' किंवा 'प्रवास' का नाही? माझा तर्क असा. यात्रेला देव लागतो, आणि पदमनजींनी १८५४ मध्येच बाप्तिस्मा घेतला होता. प्रवासाला मुक्कामाचं गाव लागतं. अटनाला यातलं काही लागत नाही. भिक्षेकरी दारोदार जातो तसं हे हिंडणं, फक्त यमुनेच्या झोळीत पडतात त्या हकिकती. शब्द सहज सुचला म्हणून ठेवला, असं या माणसाबाबत मला वाटत नाही. बेळगावच्या कासाराच्या घरात १८३१ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ पुढे पुण्यात चर्चचा पाळक झाला, शंभराच्या आसपास पुस्तकं त्याच्या नावावर आहेत, आणि त्यात शब्दांचीही आहेत. मोल्सवर्थच्या अवाढव्य मराठी-इंग्रजी कोशाची आटोपशीर आवृत्ती १८६३ मध्ये त्यांनीच केली. 'अरुणोदय' हे आत्मचरित्र मिळालं तर तेही फळीवर ठेवा. (पदमनजी आणि पद्मनजी, दोन्ही लिहिलेलं दिसतं. यादीत शोधताना दोन्हींनी शोधा.)

फळीचं म्हणाल तर कादंबऱ्यांत लावा, आणि नावापुढचं ते 'अथवा' एका चिठ्ठीवर लिहून पुठ्ठ्याला चिकटवा, म्हणजे पुन्हा कोणी नदी शोधायला बसणार नाही.

जाता जाता एक. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मागे गेटावरची पाटी दिसतेय, तिच्यावर 'पर्यंटन' लिहिलंय. रंगाऱ्याने ते 'पर्यंत'वरून उचललं असणार. पर्यंतमध्ये परि अधिक अंत आहे, टिंब त्या अंताचं. अटनाला टिंब नाही. पावसानंतर पाटी रंगवायची असेलच, तेव्हा तेवढं पुसून घ्या.